कोल्हापूर कधी ‘देश’ होता का? राज्य, मान्यता आणि सार्वभौमत्वाबद्दलचे काही गैरसमज

सप्टेंबर 2025 मध्ये ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्स यांनी पॅलेस्टाईनला राज्य म्हणून मान्यता दिली आणि जुना वाद पुन्हा पेटला: पॅलेस्टाईन हा देश आहे की नाही? कोल्हापुरात असा विषय निघाला की तो फार वेळ जेरुसलेममध्ये थांबत नाही. कुणीतरी म्हणतेच, “आमचं कोल्हापूरसुद्धा 1949 पर्यंत वेगळा देशच होता की!” त्यावर दुसरा म्हणतो, “कसला देश? इंग्रजांचं मांडलिक.”

दोघेही अर्धेच बरोबर असतात. गंमत म्हणजे या वादाचा निकाल लावायला जी तत्त्वे लागतात, तीच पॅलेस्टाईनच्या प्रश्नालाही लागतात. राज्य कशाने बनते, मान्यता कोण देतो, ताब्याने मालकी मिळते का, जनतेला विचारायचे की राजाला, हे सारे प्रश्न करवीर म्हणजेच कोल्हापूर संस्थानाच्या आणि त्याच्या आसपासच्या मराठी मुलखाच्या इतिहासात येऊन गेले आहेत. म्हणून सुरुवात घरापासून करू.

गैरसमज 1: कोल्हापूर 1 मार्च 1949 पर्यंत स्वतंत्र देश होता.

वस्तुस्थिती: या समजामागे एक खरी कायदेशीर बाब आहे. ब्रिटिश संसदेने केलेल्या 1947 च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या सातव्या कलमाने संस्थानांवरची ब्रिटिश राजसत्तेची अधिसत्ता संपली आणि तिच्यासोबत जुने तहही संपुष्टात आले. ही अधिसत्ता भारत किंवा पाकिस्तान सरकारच्या हाती सोपवलेली नव्हती. केवळ हे कलम वाचले तर 15 ऑगस्टच्या पहाटे प्रत्येक संस्थान मोकळे झाले, असा अर्थ निघतो. त्रावणकोर, भोपाळ आणि हैदराबाद यांनी तो काढूनही पाहिला.

कोल्हापूरने मात्र 15 ऑगस्टच्या आतच सामीलनाम्यावर सही केली होती. त्या वेळी गादीवर होते ते शहाजी महाराज, देवास संस्थानाच्या थोरल्या पातीतून काही महिन्यांपूर्वीच दत्तक आलेले. सामीलनाम्याने संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीन विषय दिल्लीकडे गेले. म्हणजे ज्या क्षणी ब्रिटिश छत्र गेले, त्याच क्षणी परराष्ट्र व्यवहाराचा अधिकार भारताकडे आला. मधे एकही मोकळा दिवस राहिला नाही. पुढची सुमारे दीड वर्षे कोल्हापूर हे भारतातले, स्वतःचा अंतर्गत कारभार पाहणारे संस्थान होते. गांधीहत्येनंतर शहरात झालेल्या जाळपोळीपाठोपाठ 1948 मध्ये भारत सरकारने तिथे प्रशासक नेमला, यावरूनही ते ‘स्वतंत्रपण’ किती होते ते कळते. 1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्या दिवशी संपला तो वेगळा कारभार. वेगळा देश तिथे त्याआधीच नव्हता.

गैरसमज 2: करवीर राज्य पहिल्यापासूनच इंग्रजांच्या हाताखाली होते.

वस्तुस्थिती: नाही. आणि इथेच कोल्हापूरचा इतिहास आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विद्यार्थ्याला सर्वात जास्त शिकवतो, कारण सार्वभौमत्व एका रात्रीत जात नाही, ते तहातहाने जाते.

अठराव्या शतकाच्या आरंभी महाराणी ताराबाईंनी पन्हाळ्यावर वेगळी गादी उभी केली, तेव्हा इंग्रजांचा इथे काही संबंध नव्हता. 1731 च्या वारणेच्या तहात सातारचे शाहू छत्रपती आणि करवीरचे संभाजी राजे यांनी आपापसात सीमा ठरवली. वारणेच्या दक्षिणेचा, तुंगभद्रेकडचा मुलूख कोल्हापूरकडे आला. संभाजी राजे त्याआधीच्या लढाईत हरले होते, त्यामुळे तहात बरोबरी पूर्ण नव्हती. तरी सीमा, मैत्री आणि शत्रुत्व यांचे निर्णय दोन मराठी सत्ता आपल्या अखत्यारीत घेत होत्या.

1765 मध्ये इंग्रजांनी मालवणचा किल्ला घेतला आणि 1766 मध्ये तह करून तो पैशांच्या बदल्यात परत दिला. 1792 च्या तहात व्यापाऱ्यांच्या लुटीची भरपाई आणि वखारींची परवानगी आली. हे तह दबावाखालचे होते, पण ते वेगळ्या सत्तेशी केलेले होते.

खरी कलाटणी 1812 च्या तहाने मिळाली. मालवण गेले आणि त्याहून मोठी गोष्ट गेली: इंग्रजांच्या संमतीशिवाय दुसऱ्या सत्तेशी युद्ध करायचे नाही, असे बंधन कोल्हापूरने स्वीकारले. युद्ध आणि तह करण्याचा अधिकार हा सार्वभौमत्वाचा कणा. तो इथे वाकला. 1827 मध्ये फौजेवर मर्यादा आली. 1829 मध्ये इंग्रजांच्या पसंतीचा कारभारी मान्य करावा लागला. 1844 मध्ये सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी बंड केले, ते मोडून काढल्यावर कारभार ब्रिटिश अधिकाऱ्याच्याच हाती गेला. 1862 च्या तहाने राजांना अधिकार परत दिले, पण महत्त्वाच्या सर्व बाबतींत ब्रिटिश सरकारच्या सल्ल्याने वागण्याच्या अटीवर.

1766 चे कोल्हापूर आणि 1866 चे कोल्हापूर यांत राजघराणे तेच. कायदेशीर दर्जा मात्र पूर्ण बदललेला.

गैरसमज 3: स्वतःची रेल्वे, न्यायालये, फौज आणि गॅझेट असले की तो देशच.

वस्तुस्थिती: कोल्हापूरकडे हे सगळे होते. 1891 मध्ये मिरजेपर्यंत संस्थानाची रेल्वे धावू लागली. सुमारे 3,200 चौरस मैलांचा मुलूख होता, 19 तोफांची सलामी होती, विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी अशा जहागिऱ्या हाताखाली होत्या. 26 जुलै 1902 च्या करवीर गॅझेटमध्ये मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला, तसा ब्रिटिश हिंदुस्थानात कुठेच नव्हता. अंतर्गत सत्ता खरी होती आणि धाडसाने वापरलीही जात होती.

पण तो हुकूम निघाला तेव्हा राजर्षी शाहू महाराज कुठे होते? इंग्लंडमध्ये, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी. घरी समाज उलथवणारा निर्णय घेऊ शकणारा राजा बाहेरच्या जगात ब्रिटिश सम्राटाचा मांडलिक म्हणूनच उभा राहत होता. त्याआधी 1870 मध्ये छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासाला गेले, तेव्हाही ब्रिटिश अधिकारी कॅप्टन वेस्ट त्यांच्यासोबत होता. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. आर्नो नदीच्या काठी त्यांचे स्मारक आजही आहे. ब्रिटिश अधिसत्तेच्या काळात परदेशात कोल्हापूरचा राजदूत नव्हता.

1933 च्या माँटेव्हिडिओ कराराने राज्यत्वाच्या चार कसोट्या नोंदवल्या: कायम लोकसंख्या, निश्चित भूभाग, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. करार अमेरिका खंडातल्या देशांचा असला तरी या कसोट्या आज जगभर आधाराला घेतल्या जातात. कोल्हापूर पहिल्या तिन्ही कसोट्यांत उत्तीर्ण आणि चौथीत नापास.

दुसऱ्या कसोटीबद्दलही एक खुलासा हवा. ‘निश्चित भूभाग’ म्हणजे वादातीत सीमा नव्हे. कोल्हापूर संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. रायबागसारखे तुकडे आज कर्नाटकात आहेत. इस्रायल 11 मे 1949 ला संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला, तेव्हा त्याच्याही सीमा ठरलेल्या नव्हत्या. म्हणून ‘सीमा ठरल्या नाहीत म्हणून पॅलेस्टाईन राज्य नाही’ हा युक्तिवाद एकट्याने टिकत नाही.

गैरसमज 4: सार्वभौमत्व एक तर पूर्ण असते, नाही तर मुळीच नसते.

वस्तुस्थिती: ब्रिटिशांनाही असे दोनच कप्पे करणे कधी सोपे गेले नाही. मणिपूर संस्थानातल्या उठावानंतर ऑगस्ट 1891 मध्ये भारत सरकारने गॅझेटमध्ये जाहीर केले की, राणी सरकार आणि देशी संस्थाने यांच्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वे लागू नाहीत. 1926 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने हैदराबादच्या निजामाला हेच आणखी कठोर शब्दांत बजावले.

तरीही 1912 मध्ये लंडनच्या एका घटस्फोटाच्या दाव्यात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांचे नाव प्रतिवादी म्हणून आले, तेव्हा ते सत्ताधीश राजे असल्याने त्यांच्यावर इंग्लंडच्या न्यायालयात दावा चालू शकत नाही, असा निर्णय झाला. एकाच साम्राज्याने एकाच प्रकारच्या राजाला हिंदुस्थानात सार्वभौम मानले नाही आणि लंडनच्या कोर्टात मात्र सार्वभौमाचे संरक्षण दिले. सत्ता वाटली जाऊ शकते, हे संस्थानांच्या इतिहासाने दाखवून दिले. एखाद्या प्रदेशाबद्दल ‘देश आहे की नाही’ एवढेच विचारण्याऐवजी ‘कोणत्या कामासाठी, कुणाच्या दृष्टीने’ असे विचारावे लागते.

गैरसमज 5: संयुक्त राष्ट्रांनी मान्यता दिली की देश होतो, नाही दिली तर नाही.

वस्तुस्थिती: संयुक्त राष्ट्रे देशांना मान्यता देत नाहीत, सदस्यत्व देतात. मान्यता एकेक देश आपापल्या राजकारणानुसार देतो. सदस्यत्व आणि स्वातंत्र्य यांचे नातेही सरळ नाही. भारत 1945 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा संस्थापक सदस्य झाला, तेव्हा तो पारतंत्र्यात होता. उलट स्वित्झर्लंड शेकडो वर्षे स्वतंत्र असूनही 2002 मध्ये सदस्य झाला.

मराठी मुलखाचा या प्रश्नाशी थेट संबंध 1948 मध्ये आला. तेव्हाचा मराठवाडा निजामाच्या हैदराबादेत होता. ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेप्रमाणे सदस्य नसलेले ‘राज्य’ही परिषदेपुढे वाद आणू शकते, मग हैदराबाद राज्य आहे का, हाच मूळ प्रश्न झाला. 16 सप्टेंबरला पॅरिसमध्ये परिषद बसली, तेव्हा भारतीय फौजा हैदराबादेत शिरून तीन दिवस झाले होते. हैदराबादला कधीच आंतरराष्ट्रीय दर्जा नव्हता, अशी भारताची बाजू रामस्वामी मुदलियार यांनी मांडली. 1945 मध्ये पारतंत्र्यातल्या भारताच्या वतीने संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सही करणारे मुदलियार हेच! 17 सप्टेंबरला हैदराबाद शरण आले, पुढे निजामाने तक्रार मागे घेतली आणि परिषदेने त्या प्रश्नाचे उत्तर कधी दिलेच नाही.

पॅलेस्टाईनची स्थिती वेगळी आहे. 15 नोव्हेंबर 1988 ला अल्जीयर्समध्ये राज्याची घोषणा झाली आणि तीनच दिवसांत भारताने मान्यता दिली. 29 नोव्हेंबर 2012 ला आमसभेने 138 विरुद्ध 9 मतांनी त्याला सदस्य नसलेल्या निरीक्षक राज्याचा दर्जा दिला. पूर्ण सदस्यत्वाला सुरक्षा परिषदेची शिफारस लागते आणि एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेने नकाराधिकार वापरून ती अडवली. आज दीडशेहून अधिक देशांची मान्यता पॅलेस्टाईनला आहे. सदस्यत्व अडले म्हणून ही मान्यता पुसली जात नाही आणि मान्यता मिळाली म्हणून सदस्यत्वही आपोआप मिळत नाही.

गैरसमज 6: ज्याच्या ताब्यात जमीन, त्याचीच मालकी.

वस्तुस्थिती: या प्रश्नावर जगातल्या सर्वोच्च न्यायपीठाने चक्क मराठ्यांच्या कागदपत्रांचा अर्थ लावला आहे. 1779 मध्ये पेशव्यांनी पोर्तुगीजांशी तह केला आणि पुढे सनदा देऊन दादरा व नगर हवेलीतली गावे त्यांना लावून दिली. 1954 मध्ये मुक्तिसैनिकांनी हा भाग पोर्तुगीजांकडून सोडवला. त्यात सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखे मराठी तरुण होते. पोर्तुगालने 1955 मध्ये भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. दमणहून या गावांकडे जाण्याचा आपला हक्क भारताने नाकारला, असा त्याचा दावा होता.

12 एप्रिल 1960 च्या निकालात न्यायालय म्हणाले की, पेशव्यांनी फक्त महसूल दिला होता, सार्वभौमत्व दिले नव्हते. आपल्याकडची जहागिरीची पद्धत ओळखून केलेला हा अर्थ होता. पण न्यायालय तिथेच थांबले नाही. मराठ्यांनंतर आलेल्या ब्रिटिशांनी आणि पुढे भारतानेही पोर्तुगीजांची सत्ता प्रत्यक्षात मान्य केली होती, म्हणून ती सार्वभौम ठरली. पोर्तुगालला खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याचा हक्क होता, फौजेचा नव्हता. आणि भारताने आपले कर्तव्य मोडलेले नाही, असा निर्णय झाला.

यातून निघणारी शिकवण दुहेरी आहे. कागदावर महसुलापुरता दिलेला ताबा आपोआप मालकी होत नाही. पण शेजाऱ्याने वर्षानुवर्षे ती सत्ता मान्य केली, तर ती मालकी बनू शकते. आजच्या कायद्याने याला एक पक्की मर्यादा घातली आहे: बळाने घेतलेल्या प्रदेशावर कितीही काळ बसले तरी मालकी येत नाही. याच तत्त्वावर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 19 जुलै 2024 च्या सल्लामतात, 1967 मध्ये व्यापलेल्या पॅलेस्टिनी प्रदेशातले इस्रायलचे सततचे अस्तित्व बेकायदेशीर असल्याचे आणि ते शक्य तितक्या लवकर संपवले पाहिजे असे सांगितले. सल्लामत निकालासारखे बंधनकारक नसते. पण ज्या कायद्याचा अर्थ ते लावते तो कायदा सर्वांना बांधतो.

गैरसमज 7: राज्याचे भवितव्य राजाच्या सहीने ठरते, जनता त्यात कुठेच नसते.

वस्तुस्थिती: 1949 च्या विलीनीकरणाच्या करारावर सही छत्रपतींची होती, हे खरे. पण तोवर कोल्हापुरात दहा वर्षे प्रजा परिषदेची चळवळ चालली होती. माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार यांची नावे त्यासाठी आजही घेतली जातात. संस्थान वेगळे राहावे की मुंबई प्रांतात जावे, यावर कोल्हापुरात तीव्र मतभेद होते. कोल्हापूरचे रत्नाप्पा कुंभार आणि बाळासाहेब खर्डेकर संविधान सभेत बसले. ज्या सार्वभौम प्रजासत्ताकात संस्थान विरघळले, त्याच्या घटनेच्या निर्मितीत कोल्हापूरचा वाटा होता.

जनतेने आपले भवितव्य ठरवणे, यालाच कायद्याच्या भाषेत स्वयंनिर्णयाचा हक्क म्हणतात आणि तो राज्यत्वाहून वेगळा असतो. हक्क लोकांचा असतो. राज्य हा तो हक्क बजावण्याचा एक मार्ग. दुसऱ्या राज्यात सामील होणे हाही मार्गच, आणि कोल्हापूर त्याने गेले. पॅलेस्टिनी जनतेला स्वयंनिर्णयाचा हक्क आहे, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2004 मध्ये इस्रायलने बांधलेल्या भिंतीच्या प्रकरणात आणि पुन्हा 2024 मध्ये स्पष्ट केले. ‘पॅलेस्टाईन अजून पूर्ण राज्य नाही, म्हणून त्यांना हक्कही नाही’ हा उलटा तर्क त्यामुळे कायद्यात बसत नाही.

आता विलीनीकरणाचे करार मोडीत निघाले, म्हणून संस्थाने परत मागता येतील, अशी कुजबूज अधूनमधून ऐकू येते, तिच्याबद्दल थोडक्यात. घटनेच्या 363 व्या कलमाने असे करार न्यायालयाबाहेर ठेवले आहेत. 1970 मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राजांची मान्यता काढून घेणारा राष्ट्रपतींचा आदेश रद्द केला, पण 1971 च्या 26 व्या घटनादुरुस्तीने तनखे आणि मान्यता दोन्ही संपवली. 2024 मध्ये करवीर गादीचे शाहू छत्रपती लोकसभेत गेले, ते कोल्हापूरच्या मतदारांनी निवडून दिल्यामुळे.

गैरसमज 8: पॅलेस्टाईनच्या राज्यत्वाचा प्रश्न कायद्याने कधीच सुटलेला आहे, उरले ते फक्त राजकारण.

वस्तुस्थिती: असे दोन्ही बाजूंचे लोक म्हणतात आणि दोघांच्या निष्कर्षात जमीन-अस्मानाचे अंतर असते.

राज्यत्व नाही म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा प्रभावी शासनाचा आहे. पश्चिम किनाऱ्याचा सुमारे 60 टक्के भाग, ज्याला ओस्लो करारात ‘क’ क्षेत्र म्हटले आहे, इस्रायलच्या नियंत्रणात आहे. गाझा 2007 मध्ये पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या हातून गेला. 1995 च्या करारात प्राधिकरणाला परराष्ट्र व्यवहाराचे अधिकार दिलेले नाहीत. इस्रायलच्या मते राज्य वाटाघाटींतूनच यायला हवे.

राज्यत्व आहे म्हणणारे उत्तर देतात की, व्यापणाऱ्या सत्तेने शासन अडवायचे आणि मग ‘तुमचे शासन प्रभावी नाही’ म्हणायचे, हे कायद्याला मान्य होऊ शकत नाही. शिवाय जगाशी संबंध तर प्रत्यक्षात आहेतच: 2011 पासून युनेस्कोचे सदस्यत्व, 2015 पासून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे सदस्यत्व, अनेक राजधान्यांत दूतावास. त्या फौजदारी न्यायालयाने 2021 मध्ये आपले अधिकारक्षेत्र गाझा आणि पश्चिम किनाऱ्यावर आहे असे ठरवले. पण सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायद्यात पॅलेस्टाईन राज्य आहे का, याचा निर्णय आपण देत नाही, असेही बजावले. काही कायदेपंडित मान्यतेला फक्त असलेल्या राज्याची पोच मानतात, काहींच्या मते मान्यतेनेच राज्य घडते. या वादाचा शेवट अजून झालेला नाही.

कोल्हापूर आणि पॅलेस्टाईन शेजारी ठेवले की चित्र स्वच्छ होते. कोल्हापूरकडे जमीन होती, प्रजा होती, गॅझेट काढणारे आणि कर घेणारे सरकार होते. जगात आवाज नव्हता. पॅलेस्टाईनला आमसभेत खुर्ची आहे, दूतावास आहेत, करार आहेत. पण स्वतःच्या जमिनीवर पुरता हुकूम नाही. एकाकडे जे होते ते दुसऱ्याकडे नाही. म्हणून चारपैकी एखादीच कसोटी हातात धरून पुढच्या वेळी कुणी छातीठोकपणे ‘देश आहे’ किंवा ‘देश नाही’ म्हणाले, तर त्याला उरलेल्या तीन कसोट्यांबद्दल विचारा आणि त्या जमिनीवरच्या लोकांचा हक्क कुठे गेला, तेही विचारा. राज्यत्वाच्या वादात शेवटचा शब्द कायद्याने अजून लिहिलेला नाही. लोकांच्या हक्काबद्दल मात्र त्याने कोणतीही संदिग्धता ठेवलेली नाही.